ताल सोडून

हाना खोऱ्यात, ओलोमोउत्सच्या अलीकडच्या एका गावात
मी पोरांना युफोनियम शिकवतो, बुधवारी आणि शनिवारी.
पायाने ठेका धरा म्हणतो. स्वतः धरत नाही.
पोरं कुजबुजतात, मास्तरांचा डावा पाय मेलाय.
मेला नाही. त्याला एकदा एक गोष्ट शिकवली होती,
ती तो विसरायला तयार नाही.

आमच्या पलटणीच्या बँडात अठ्ठेचाळीस माणसं
आणि एक पांढरं तट्टू, शिमल.
मोठा ढोल दोन चाकांच्या गाडीवर, गाडीला शिमल,
ढोलामागे ब्लाझेय, मूळचा खाटीक,
आणि त्याच्या ठोक्यावर अख्ख्या पलटणीचे बूट.
बँडमास्तर हावेल्का सांगायचे,
"हा ढोल, या झांजा आपल्या नव्हेत. तुर्कांच्या.
त्यांनी वेढा घातला तेव्हा या आवाजाने
आपल्या खापरपणजांच्या पोटात गोळा यायचा.
वेढा उठला, भीती गेली,
आवाज तेवढा आपण ठेवून घेतला."
एवढं बोलून मिशीवरचा बिअरचा फेस पुसायचे.

रविवारी बागेतल्या छत्रीखाली पोल्का.
कुणी अधिकारी वारला की जाताना संथ चाल,
पुरून परतताना चपळ. नियमच तसा,
जिवंतांनी तिथे रेंगाळू नये म्हणून.
मला वाटे, लष्कर म्हणजे एवढंच:
घासलेलं पितळ आणि आंघोळ केलेली माणसं.

चौदाच्या ऑगस्टात गालिसियाला निघालो.
स्टेशनावर वाजवलं. डब्यात चढता चढता वाजवलं.
तिसऱ्या आठवड्यात पेटारे आले,
वाद्यं गवतात गुंडाळून माघारी गेली,
आणि सही घेऊन आम्हाला मिळाले
दोन दांडे, मधे किंतान. चौघांत एक.
लढाईत बँडवाल्यांनी जखमी उचलायचे,
नियमपुस्तकात होतंच म्हणे पहिल्यापासून.
आम्ही फक्त सुरावटींच्या वह्या वाचलेल्या.

पहिला उचलला तो एक रुथेन पोरगा, पोटात गोळी.
आम्ही चौघं, बारा वर्षांची सवय,
डावा, उजवा, डावा, उजवा,
एक पाऊल चुकलं नाही.
झोळी पाळण्यासारखी झुलायला लागली
आणि तो ओरडायला लागला.
प्रत्येक समेवर ओरडला.

दवाखान्याचा सार्जंट धावत आला,
"ताल सोडा! गाढवांनो, ताल सोडा!
चौघांचे पाय चार वेळी पडू देत,
त्याच्या पोटातलं पाणी हलता कामा नये!"

ज्या चुकीसाठी हावेल्कांनी
माझ्या पोटरीवर छडी मोडली होती
ती चूक आता नेमकी करायची होती.
त्याला एक रात्र लागली. कापलेल्या ओटच्या शेतात
झोळीत ब्लाझेयला निजवून
पट्टीचे चार वादक
बेताल चालायचा रियाज करत होतो.
तो आतून सांगे, "आता बरंय... आता बरंय...
आलात पुन्हा एकत्र, हरामखोरांनो."
पाय चोरून एकमेकांना शोधत होते.

शिमलला पाण्याचं पिंप जोडलं. ते हलेना.
ढोल वाजल्याशिवाय निघायचं असतं
हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
ब्लाझेय पिंपावर मूठ मारायचा, एकदाच,
मग पाणी पुढे जायचं.
नोव्हेंबरात ब्लाझेयला लागलं. आम्हीच आणलं त्याला,
इतकं बेताल, की छातीवर ठेवलेली त्याची टोपी
तळावर पोचेपर्यंत जागची हलली नाही.
ती हलायला हवी होती, श्वासाने तरी,
हे आम्हाला झोळी खाली ठेवल्यावर कळलं.
नंतर पिंपावर कोण मारायचं, आठवत नाही.

अठरात परतलो. वाद्यं पेटाऱ्यात तशीच,
उंदरांनी गवत तेवढं नेलेलं.
नवा देश, नवा झेंडा, चौकात संचलन.
युफोनियम उचललं. ओठ लागले. सूर लागला.
पाऊल टाकलं, तर
अख्खी रांग डावा आणि मी उजवा.
सुधारलं, तर पुढच्या पावलाला पुन्हा तेच.

हावेल्का छडी घेऊन आले,
माझ्या पायांकडे बघत राहिले बराच वेळ.
मग मला चौकाच्या कडेला नेलं, लिंडनखाली,
म्हणाले, तू उभ्यानेच वाजव.